गल्ला, गोदाम आणि रक्ताचा ताळेबंद



गेल्या दोन अंकांत या सदरातून आपण वारसनोंद आणि मृत्युपत्र या विषयांवर बोललो. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील एक पत्र मात्र वेगळेच होते. एका भगिनीने लिहिले होते की, त्यांच्या यजमानांना अन्ननलिकेचा कर्करोग असून तो पुढच्या अवस्थेत गेला आहे. घास उतरत नव्हता म्हणून नाकातून नळी घातली. आता पोटात अन्न जाते, तरी माणूस दिवसेंदिवस गुंगीत का चालला आहे? मृत्युपत्रावर सही घ्यावयाची आहे, ती आता घेतलेली चालेल काय, असा त्यांचा मूळ प्रश्न होता.

सहीविषयी मी त्यांना त्याच दिवशी टपालाने उत्तर धाडले. पण पत्राची पहिली ओळ सहीविषयी नव्हती. रक्तातील कॅल्शियम आणि त्याचबरोबर अल्ब्युमिन तपासले आहे काय, असे आजच डॉक्टरांना विचारा, एवढेच मी प्रथम लिहिले. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या, वाणिज्य शाखेच्या माणसाने असे वैद्यकी वाक्य का लिहावे, याचा खुलासा म्हणून आजचा लेख आहे. मी डॉक्टर नाही. लेखाचा मसुदा आमच्या कुटुंबाच्या जुन्या डॉक्टरांनी वाचून दोन ठिकाणी दुरुस्त केला, तेव्हाच तो संपादकांकडे पाठविला.

माझे थोरले चुलतबंधू आडतीचा व्यवसाय करीत. सारे गाव त्यांना भाऊ म्हणे. गादीवर बसले की डब्यातील सुपारी आणि वाफाळता चहा यांना खंड नसे. तंबाखू त्यांनी जन्मात घेतली नाही, त्यामुळे आपण निर्व्यसनी आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने सुपारीला २००४ सालीच निश्चित कर्ककारक ठरविले, आणि ६५ अंश सेल्सिअसहून अधिक गरम पेयांना २०१६ साली संभाव्य कर्ककारकांत घातले. जेवणानंतर पाहुण्यांपुढे सुपारीचे तबक फिरविणाऱ्या आपल्या घरांनी हे एकदा नीट वाचावे.)

प्रथम भाकरीचा घास छातीत अडकू लागला. भाऊंनी ते नव्या कवळीवर ढकलले. मग भाकरी दुधात कुसकरून खाऊ लागले. पुढे मऊ भात, त्यानंतर केवळ वरणाचे पाणी. आधी घन पदार्थ, मग पातळ, असा अडथळ्याचा क्रम चढत जाणे हे या रोगाचे ठळक लक्षण आहे, हे आम्हांस फार उशिरा कळले. अन्ननलिका ही प्रौढ माणसात सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, ताणली जाणारी नळी आहे. आतील गाठ बरीच वाढून वाट अरुंद होईपर्यंत ती तक्रार करीत नाही. स्कोपी झाली तेव्हा चार महिने उलटून गेले होते. भाऊंचे वजन ६८ किलोंवरून ५२ वर आले होते. गाठ अस्तराच्या चपट्या पेशींची होती. भारतात अन्ननलिकेच्या कर्करोगात हाच प्रकार अधिक आढळतो. ती मानेतील गाठींत आणि फुप्फुसात पसरली होती. शस्त्रक्रियेचा प्रश्नच उरला नव्हता.

त्यापूर्वी एक प्रसंग घडला होता, त्याचा अर्थ आम्हांस मागाहून लागला. एके पहाटे भाऊ घामाने डबडबले, असंबद्ध बोलू लागले. वहिनींनी प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजले आणि ते सावरले. भाऊंना मधुमेह होता. आहार चौथ्या हिश्श्यावर आला होता, पण साखर उतरविणारी गोळी मात्र पूर्वीच्याच मात्रेने सुरू होती. आवक बंद आणि खर्च चालू, हा हिशेब आडतीच्या दुकानात कोणाच्याही ध्यानात आला असता. घरात तो आला नाही. ज्यांच्या घरी मधुमेही माणसाचे खाणे कमी होत चालले आहे, त्यांनी गोळीची मात्रा डॉक्टरांकडून त्याच आठवड्यात तपासून घ्यावी.

आता वजनाविषयी. घास उतरत नाही म्हणून माणूस वाळतो, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. कर्करोगाची गाठ साखर वापरते, पण फार उधळेपणाने. साखरेच्या एका रेणूतून ती जेमतेम दोन एकक ऊर्जा काढते आणि उरलेला लॅक्टेट नावाचा पदार्थ रक्तात सोडून देते. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात गाठीची ही रीत दाखवून दिली. हा लॅक्टेट यकृताकडे जातो आणि यकृत त्याची पुन्हा साखर बनविते. त्यासाठी मात्र त्याला सहा एकके खर्चावी लागतात. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याच्या नावाने हे चक्र ओळखले जाते. म्हणजे गाठीने दोन मिळवायचे, शरीराने सहा भरायचे, आणि तीच साखर पुन्हा गाठीने उचलायची. असे खाते मी बँकेत पाहिले असते, तर पहिल्याच तिमाहीत शाखाधिकाऱ्यास खुलासा विचारला असता.

याखेरीज गाठीमुळे शरीरात एक अखंड दाह सुरू राहतो. त्यातून निघणारी द्रव्ये भूक मारतात आणि स्नायू वितळवितात. साध्या उपासमारीत शरीर आधी चरबी खर्चते आणि स्नायू जपते. येथे तसे होत नाही. डॉक्टर याला कॅचेक्सिया म्हणतात. केवळ अन्न वाढवून ती पुरती उलटविता येत नाही, हे तज्ज्ञांच्या २०११ सालच्या व्याख्येतच नमूद आहे. हे येथे लिहिण्याचे कारण असे की, माणूस वाळत असताना घरातील स्त्रिया स्वतःस दोष देतात. आपण केलेले त्यांना रुचत नाही, आपण कमी पडलो, असे वहिनी महिनोन्‌महिने मनाशी घेऊन बसल्या होत्या. त्या कोठेही कमी पडल्या नव्हत्या.

पुढे नाकातून नळी घालण्यात आली आणि घरात जणू सण आला. कित्येक दिवसांनी भाऊंच्या पोटात अन्न जाणार होते. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला तक्ता मला फारच कंजूष वाटला. दोन-दोन तासांनी थोडेसे पातळ अन्न, तेही आधी एक जीवनसत्त्वाचे इंजेक्शन घेतल्यावर. मीच पुतण्यास म्हणालो, अरे, इतके दिवसांचा उपाशी माणूस, एवढ्याने काय व्हायचे? आम्ही घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवसापासून मात्रा तिप्पट केली. दूध, साखर, भाताची पेज, डब्यातील पौष्टिक भुकटी, जे जे म्हणून नळीतून उतरेल ते दिले. हा दोष रुग्णालयाचा नव्हे, माझा आहे, हे स्पष्ट नोंदवितो.

तिसऱ्या दिवशी भाऊंची पावले सुजली. छातीत धडधड सुरू झाली, श्वास लागला, हात थरथरू लागले. तातडीने रुग्णालयात नेले. रक्तातील फॉस्फेट १.१ आले, ते साधारण २.५ ते ४.५ असावयास हवे. पोटॅशियम २.८ होते, ते ३.५ च्या खाली असू नये. चार दिवस अतिदक्षता विभागात गेले.

असे का व्हावे? आपल्या धंद्यातील भाषेत सांगतो. रक्त म्हणजे गल्ला आणि शरीरातील पेशी म्हणजे गोदाम. शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. फॉस्फेट आणि मॅग्नेशियम यांचाही मोठा साठा पेशींत आणि हाडांत असतो. दीर्घ उपासमारीत हे गोदाम हळूहळू रिकामे होते, पण शरीर गल्ला भरलेला ठेवते. त्यामुळे रक्ताचा अहवाल पाहता सारे ठीक दिसते. मग एकाएकी पोटात भरपूर पिष्टमय अन्न आणि साखर येते. इन्सुलिन उसळते. साखर पेशीत नेताना ते पोटॅशियम, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम यांनाही आत ओढून घेते. रिकामे गोदाम गल्ल्यातील सारे ओढून घेते आणि गल्ला तासांत ओस पडतो. हृदयाचे ठोके, श्वासाचे स्नायू, मेंदू हे सारे गल्ल्यावर चालतात. त्यातच साखर जाळण्यास लागणारे थायमिन, म्हणजे बी १ जीवनसत्त्व, आधीच संपत आलेले असते. एकदम आलेली साखर उरलेसुरले तेही खर्च करून टाकते. नळी सुरू करण्यापूर्वीचे ते इंजेक्शन याच थायमिनचे होते.

वैद्यकात याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छळछावण्यांतून आणि तुरुंगांतून सुटलेल्या उपाशी माणसांत डॉक्टरांनी ते ओळखले. जर्मनीतील बेर्गेन-बेल्सन ही छावणी एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्याने मुक्त केली. मुक्ततेनंतरही तेथे हजारो माणसे मरण पावली. त्यांत प्रलापक ज्वराचा आणि आधीच्या उपासमारीचा वाटा मोठा होता. पण सैनिकांनी दयेपोटी दिलेले जड अन्नही काहींना सोसले नाही. त्यानंतर तेथे जे पातळ मिश्रण देऊन पाहिले, ते १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेले होते आणि त्याचे नावही बंगालवरूनच पडले होते. युरोपातील त्या लोकांना मात्र ते फार गोड लागले, असे नमूद आहे.

ब्रिटनमधील ‘नाइस’ या आरोग्यसंस्थेने २००६ साली यासाठी आकडे घालून दिले. तीन ते सहा महिन्यांत वजन १५ टक्क्यांहून अधिक उतरले असेल, किंवा दहा दिवसांहून अधिक काळ पोटात जवळजवळ काही गेले नसेल, तर धोका मोठा समजावा. आरंभ दर किलो वजनास दिवसाला फार तर १० उष्मांकांनी करावा, आणि अगदीच खालावलेल्या माणसात ५ उष्मांकांनी. मग चार ते सात दिवसांत हळूहळू चढवावे. भाऊंचे वजन जवळजवळ २४ टक्के उतरले होते. ५२ किलोंच्या माणसास पहिल्या दिवशी ५२० उष्मांकच फार होते. आम्ही दीड हजारांच्या वर गेलो होतो.

मला स्वतःची लाज वाटली ती आणखी एका कारणाने. आपल्या घरात अठाई झालेल्या मुलीस पारण्याच्या दिवशी कोणी पुरणपोळी वाढते काय? मुगाच्या पाण्याने सुरुवात करावी, तेही थोडे-थोडे, आणि पुढचे दोन-तीन दिवस हलके राहावे, हे माझ्या आईने मला शाळेच्या वयात सांगितले होते. मासखमण करणाऱ्यांचे पारणे तर जाणती मंडळीच हाताळतात. जे ज्ञान आम्ही तपस्व्याच्या ताटापाशी पाळतो, ते रुग्णाच्या नळीपाशी विसरलो. भाऊ आठ दिवसांचे नव्हे, काही महिन्यांचे उपाशी होते, आणि तेही स्वेच्छेने नव्हे.

दुसऱ्या वेळी सारे तक्त्याबरहुकूम झाले. आपल्या घरांत हमखास निघणारे दोन प्रश्न आमच्याकडेही निघाले. एक रात्रीच्या आहाराचा. आहारतज्ज्ञ बाईंना आम्ही संकोच सोडून सांगितले, आणि त्यांनी सूर्यास्तापूर्वी संपेल असे वेळापत्रक बसवून दिले. पहिला आठवडा मात्र संथ गतीने अधिक तास द्यावे लागले, ते वहिनींनी मान्य केले. दुसरा प्रश्न भुकटीतील घटकांचा. डब्यावरील हिरवा ठिपका पाहावा आणि कंदमुळाविषयी आहारतज्ज्ञांस विचारावे. मुगाचे गाळलेले पाणी, ताक, तांदळाची पेज यांवरही बरेच भागते. प्रश्न विचारला की मार्ग निघतो. न विचारता घरच्या घरी तक्ता बदलणे हेच घातक, याचा दाखला वर दिलाच आहे.

मधल्या काळात केमोच्या दोन फेऱ्या झाल्या. त्यातील सिसप्लॅटिन हे औषध मूत्रपिंडावाटे मॅग्नेशियम गळू देते. आणि मॅग्नेशियम भरून निघत नाही तोवर पोटॅशियम कितीही दिले तरी टिकत नाही, हे तेव्हा कळले. गाठीने वाट जवळजवळ बंद झाली की माणूस स्वतःची लाळही गिळू शकत नाही, सतत थुंकत राहतो. आपली लाळ दिवसाकाठी लिटरच्या आसपास असते. तिच्याबरोबर पाणी आणि क्षार जातात. अशक्तपणा वाढतो, तो पुष्कळदा या पाण्याचा आणि क्षारांचा असतो. सोडियम उतरले तरी गुंगी येते. याविषयी अधिक लिहीत नाही, कारण मुख्य गोष्ट अजून व्हावयाची आहे.

केमोनंतर सुमारे महिन्याने पुतण्याने मला बोलाविले. दुकानाच्या खात्यावरील धनादेशांवर भाऊंच्या सह्या हव्या होत्या. भाऊंनी पेन घेतले आणि सही केली; ती पाहून मी दचकलो. त्यांनी दुकानाच्या जुन्या भागीदारीच्या नावाने सही केली होती, जी पेढी तीस वर्षांपूर्वी मिटली होती. दुसऱ्या धनादेशावर अक्षरे अर्ध्यातच थांबली. मी पुस्तिका मिटून घेतली. नमुना सहीशी न जुळणारी सही परत करावी, ही सवय हाडात मुरलेली होती. पण त्या दिवशी मनात आले की, सही बदलली म्हणजे माणसात काही तरी बदलले आहे.

वहिनी सांगू लागल्या. आठ-दहा दिवस फार झोपतात. तहान फार, सारखे पाणी मागतात, पण ते उतरत नाही म्हणून चिडतात. लघवीस वारंवार जावे लागते. पाच दिवस शौचास नाही. मळमळते. मला त्यांनी दोनदा वडिलांच्या नावाने हाक मारली. घरातील साऱ्यांनी मनोमन समजून घेतले होते की, आता शेवट जवळ आला. वडीलधाऱ्या आत्यांनी तर हलक्या आवाजात संथाऱ्याचा विषयही काढला. त्यांची भावना शुद्ध होती, त्यात शंका नाही. पण संथारा म्हणजे जाणतेपणी, स्वतःच्या मुखाने मागावयाची गोष्ट. जो माणूस मुलाला ओळखता-ओळखता थांबतो, त्याच्या वतीने ती कोण मागणार? मी एवढेच म्हणालो की, उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवू, मग बोलू.

आमच्या जुन्या डॉक्टरांनी तहान, लघवी, बद्धकोष्ठ, गुंगी ही चार लक्षणे ऐकली आणि कॅल्शियम मागविले. ते ११.९ आले. नेहमीची मर्यादा साधारण ८.५ ते १०.५. डॉक्टर म्हणाले, हे दिसते त्याहून वाईट आहे. कारण रक्तातील कॅल्शियमचा मोठा भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून असतो. उपाशी, आजारी माणसाचे अल्ब्युमिन घटलेले असते, त्यामुळे एकूण आकडा खोटा कमी दिसतो. अल्ब्युमिन ४ हून जितके खाली, त्या प्रत्येक एककास ०.८ मिळवावे. भाऊंचे अल्ब्युमिन २.२ होते. म्हणजे १.८ गुणिले ०.८, तब्बल १.४४, कॅल्शियम प्रत्यक्षात १३.३ च्या घरात.

घरी येऊन मी जुनी कागदपत्रे काढली. दहा दिवसांपूर्वीच्या एका अहवालात कॅल्शियम १०.२ लिहिलेले होते. यंत्राने त्यापुढे कोणतीही खूण केली नव्हती, कारण आकडा मर्यादेत होता. त्याच कागदाच्या मागल्या बाजूस अल्ब्युमिन २.४ होते. मी आकडेमोड केली: जवळजवळ ११.५. म्हणजे तेव्हाच ते चढलेले होते, आणि तो कागद मी स्वतः फाइलला लावला होता. जमा एका पानावर, वजावट दुसऱ्या पानावर, आणि दोन्ही कोणी जुळवून पाहिले नाही. बँकेत अशाच नोंदींतून घोटाळे निसटतात. शंका असेल तेथे आयोनाइज्ड कॅल्शियम ही थेट तपासणीही करता येते. तिला ही बेरीज लागत नाही.

हाडांत रोग गेला म्हणून कॅल्शियम वाढले असावे, असे मला वाटले होते. डॉक्टरांनी सांगितले की, त्याची गरज नसते. चपट्या पेशींच्या काही गाठी स्वतःच एक संप्रेरकासारखे द्रव्य सोडतात. ते गळ्यातील परावटु ग्रंथीच्या संप्रेरकाची हुबेहूब नक्कल करते. त्याच्या आज्ञेने हाडे कॅल्शियम सोडू लागतात आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकणे कमी करते. १९८७ साली शास्त्रज्ञांनी हे द्रव्य गाठींतून वेगळे काढून दाखविले. बनावट सहीवर गोदामातील माल बाहेर पडावा, तसा हा प्रकार. पुढे कॅल्शियम चढले की लघवी वाढते, शरीर कोरडे पडते, कोरड्या शरीरात कॅल्शियम आणखी चढते. त्यात ज्याला पाणी गिळता येत नाही, त्याची अवस्था लवकर बिघडते. आणि आम्ही काय करीत होतो? अशक्तपणासाठी कोणी तरी सुचविलेली कॅल्शियमची आणि ड जीवनसत्त्वाची गोळी कुटून नळीतून देत होतो. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढविणारे थायझाइड जातीचे औषध होते. तेही कॅल्शियम साठवून ठेवते. दोन्ही त्या दिवशी बंद झाली.

उपचार साधा होता. शिरेतून भरपूर सलाइन. मग झोलेड्रॉनिक ॲसिड हे औषध शिरेतून सावकाश, मूत्रपिंडाची तपासणी पाहूनच. ते हाडांतील गळती थांबविते, पण परिणाम दिसण्यास दोन ते चार दिवस लागतात. चौथ्या दिवशी सकाळी भाऊंनी डोळे उघडून पुतण्यास विचारले, तुरीचा भाव काय निघाला? वहिनी दाराबाहेर जाऊन रडल्या.

डॉक्टरांनी तेव्हाच मला बाजूस घेऊन स्पष्ट सांगितले होते की, या कर्करोगात कॅल्शियम चढणे हे रोग पुढे गेल्याचे चिन्ह आहे. हे औषध रोगावर नाही, गुंगीवर आहे. काही आठवड्यांनी ते पुन्हा चढेल. आम्हांस सुमारे पाच आठवडे मिळाले. त्या काळात भाऊंनी शुद्धीत बसून मृत्युपत्र केले, आणि साक्षीदारांबरोबर डॉक्टरांचाही दाखला जोडला. खात्यांच्या वारसनोंदी पूर्ण झाल्या. त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाशी गोदामाच्या वाटणीवरून अकरा वर्षे अबोला होता. त्यांना त्यांनी निरोप धाडला. ते आले, खोलीत दोघेच होते. बाहेर आल्यावर धाकटे एवढेच म्हणाले की, भाऊंनी हात जोडले, मिच्छामि दुक्कडम् म्हणाले, मला काही बोलताच आले नाही.

ज्या भगिनीचे पत्र आले, त्यांच्यासारख्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर काय लिहून ठेवावे, हे मी पुतण्याच्या वहीतून उतरवून दिले आहे. दर आठवड्याचे वजन. दिवसभरात नळीतून किती गेले आणि लघवी किती झाली. शौचाचा दिवस. सुरू असलेल्या सर्व गोळ्या, ताकदीच्या म्हणून घेतलेल्यासुद्धा. आणि सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, अल्ब्युमिन, साखर, क्रिएटिनिन हे आकडे तारखेनुसार एकाच तक्त्यात, म्हणजे कोणता आकडा कोणत्या दिशेने सरकतो आहे ते एका नजरेत दिसते. या तपासण्या तालुक्याच्या बहुतेक प्रयोगशाळांत होतात. फॉस्फेट आणि मॅग्नेशियम मात्र मागितल्याशिवाय पुष्कळदा केले जात नाहीत. गुंगी, नवी तहान, धडधड, अचानक सूज यांपैकी काही दिसले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

सहीच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच देतो. गुंगीत घेतलेली सही कायद्यापुढे टिकणे अवघड, आणि घरातील कलहाचे बी तेथेच पडते. आधी रक्त तपासावे. माणूस शुद्धीवर आला तर त्याच्या मनाने सही होईल. नाही आला, तर सही घेऊ नये.

सहाव्या आठवड्यात भाऊंचे कॅल्शियम पुन्हा चढले, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा औषध देण्याविषयी विचारले. निर्णय आम्हांस करावा लागला नाही. शुद्धीच्या दिवसांत भाऊंनीच पुतण्यास सांगून ठेवले होते की, पुढच्या खेपेस रुग्णालय नको, घरी राहू द्यावे, तहान लागली तर ओठ ओले करावेत, वेदना मात्र राहू देऊ नये. वेदनेचे औषध शेवटपर्यंत सुरू होते. ते गेले तेव्हा त्यांच्या उशाशी धाकटे बंधू बसलेले होते.